मंडळाच्या फाइली आणि प्लगइनचा कारभार

(मंडळाच्या कुकटपल्ली येथील सर्वसाधारण सभेत दप्तर समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या सभेत दप्तर समितीला दोन प्रश्न विचारले गेले. पहिला असा की, मंडळाच्या संगणकावर तुम्ही हे कसले कसले प्रोग्राम टाकता आहात, आणि कोणाला विचारून? दुसरा असा की, मराठी शिक्षकाच्या अर्जाला जोडायची यादी वेळेवर का निघाली नाही? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून आज एकत्रच देतो. आम्हा तिघांत संगणकाचा इंजिनिअर कोणी नाही. या कॉलनीत इंजिनिअर घरटी एक सापडेल, पण ती मुले हायटेक सिटीतून रात्री नऊला घरी येतात. त्यांच्यापुढे मंडळाच्या फाइली ठेवणे बरे दिसत नाही. तेव्हा कारकुनी डोक्याला जेवढे झेपले तेवढे आम्ही केले. चुकाही आमच्याच आहेत.

आधी यादीचे सांगतो. आपल्या भागातल्या शाळेत मराठी शिकवायला एक तरी शिक्षक असावा, असा आपला अर्ज आहे. ही मेहेरबानीची मागणी नव्हे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने राज्यघटनेत ३५०-अ कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करावी, असे ते सांगते. त्याच्याही आधी, १९४९ साली, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने आकडा ठरवून टाकला होता: साऱ्या शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले त्या भाषेची असतील तर शिक्षक द्यावा. त्याच १९५६ साली हैदराबाद राज्याचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपली घरे इथेच राहिली. तेव्हापासून आपला प्रश्न भावनेचा कमी आणि आकड्याचा जास्त आहे. हे आपल्या सभांमधून फार कमी वेळा बोलले जाते. हार-तुरे आणि पोवाडे झाले की आपण घरी जातो.

अर्जाच्या वेळी कार्यालयात आम्हाला विचारले, ''मराठी मागणारी मुले इथे आधी कधी होती? आजच कुठून आली?'' आम्ही म्हटले, होती, मंडळ दरवर्षी यादी करीत असे. ते म्हणाले, दाखवा. आठ दिवसांची मुदत दिली, आणि आठ दिवसांत आम्ही यादी दाखवू शकलो नाही.

यादी होती, आणि ती मंडळाच्या संगणकातच होती. काचीगुडा, सुलतान बाजार सोडून आपली बरीच घरे इकडे हाउसिंग बोर्डात आली, त्यानंतर मंडळाने मुलांचे मराठी वर्ग चालवले. अमीरपेटला संगणकाच्या क्लासला जाणाऱ्या आपल्याच एका मुलाने तेव्हा फॉक्सप्रोमध्ये नोंदवही करून दिली: मुलाचे नाव, शाळा, इयत्ता, मातृभाषा, मराठी विषय हवा की नको. काम चोख होते. पण त्या काळी फाइलीचे नाव आठ अक्षरांत बसवावे लागे. म्हणून कुठे 'एसटी९८', कुठे 'एसटी९८ए', कुठे 'न्यूएसटी२'. त्यानंतर तीन संगणक बदलले. दर वेळी दुकानदाराने 'जुना सी ड्राइव्ह' असा एक फोल्डर करून सगळे त्यात ओतले. त्या फोल्डरात आणखी एक जुना सी ड्राइव्ह आणि त्याच्या पोटात 'बॅकअप'. आम्ही फाइलीवर टिचकी मारली की संगणक विचारणार, ही कशाने उघडू? फॉक्सप्रो आपल्याकडे राहिलेले नाही आणि मायक्रोसॉफ्टनेही त्याचा आधार २०१५ साली काढून घेतला. एक्सेलमध्ये अशी फाइल उघडते, हे खरे. पण दोनशेच्या वर फाइली एकेक करून उघडा, बघा, बंद करा, असे आम्ही पाच रात्री केले. मुदत संपली त्या दिवशी आम्ही निम्म्यावरही पोचलो नव्हतो.

त्यानंतर एकाला आठवले की, कॉलेजात असताना निळ्या पडद्यावरचा दोन खिडक्यांचा एक प्रोग्राम आपण वापरत होतो, त्यात फाइली भराभर बघता येत. तो नॉर्टन कमांडर. जॉन सोचा याने तो लिहिला आणि १९८६ मध्ये तो बाजारात आला. त्याच घराण्यातला आजचा प्रोग्राम म्हणजे टोटल कमांडर. स्वित्झर्लंडचे ख्रिस्तियन गिस्लर यांनी १९९३ साली तो काढला. त्याचे पहिले नाव विंडोज कमांडर होते. त्या नावाला मायक्रोसॉफ्टची हरकत आल्यावर २००२ मध्ये ते बदलले. हा प्रोग्राम विकतचा आहे, महिनाभर वापरून बघता येतो. आपण त्याचे रीतसर परवानापत्र घेतले आहे आणि पावती हिशेबाच्या फाइलीत लावली आहे. पैसे द्यायचे नसतील तर डबल कमांडर नावाचा त्याच धाटणीचा प्रोग्राम फुकट मिळतो, आणि तो लिनक्सवरही चालतो.

फाइल मॅनेजर म्हणजे फाइली ठेवणे, हलवणे, शोधणे, नाव बदलणे आणि पुसणे यासाठीचा प्रोग्राम. दोन खिडक्या शेजारी-शेजारी, खतावणीच्या नावे-जमा पानासारख्या. डावीकडून उचलायचे, उजवीकडे ठेवायचे. पण एकटा प्रोग्राम सगळ्या जगाच्या फाइली ओळखू शकत नाही. म्हणून त्याने बाहेरच्या लोकांसाठी जागा ठेवली आहे. कोणीही एखादा छोटा तुकडा लिहावा आणि त्याला जोडावा. तो तुकडा म्हणजे प्लगइन. घरातला मिक्सर बघा. मोटर एकच, चटणीचे भांडे वेगळे, इडलीचे पीठ वाटायचे वेगळे. भांडे बसवले की तीच मोटर ते काम करते. आणि भांडे नीट बसले नाही तर काय होते, तेही काकूंना ठाऊक आहे.

टोटल कमांडरला अशी भांडी चार तऱ्हेची लागतात. एक, आवळून बांधलेल्या फाइली म्हणजे झिपसारख्या प्रकारांच्या उघडणारी. त्यांची आपल्याला फारशी गरज पडली नाही. दुसरी लिस्टर, म्हणजे फाइल न उघडता आतला मजकूर दाखवणारी. तिसरी, फाइलीच्या पोटातली माहिती काढून देणारी: फोटो कधी काढला, पीडीएफची पाने किती, आतला मजकूर काय. चौथी, संगणकाबाहेरची जागा आतल्या फोल्डरसारखी दाखवणारी. या चौथीबद्दल पुढे बोलायचे आहे, आणि ते जरा कडू आहे.

आपली यादी लिस्टरने काढून दिली. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली वाचणारे एक प्लगइन आम्ही बसवले. बसवणे सोपे आहे. प्लगइन झिप फाइलीत येते. टोटल कमांडरमध्ये त्या झिपवर कर्सर ठेवून एंटर दाबायचे. आत 'प्लगइन्स्ट डॉट आयएनएफ' नावाची चिठ्ठी असली तर प्रोग्रामच विचारतो, यात अमुक प्लगइन आहे, बसवू का? कुठे ठेवणार तेही दाखवतो. ती चिठ्ठी नसेल तर झिप स्वतः एखाद्या फोल्डरात सोडवायची आणि कॉन्फिगरेशन, ऑप्शन्स, प्लगइन्स या वाटेने जाऊन ती जागा दाखवायची. काढून टाकायचे असेल तर वाट तीच. एक फट मात्र आम्हाला दोन संध्याकाळी पडली. आपला प्रोग्राम ६४ बिटचा आणि मिळालेले प्लगइन जुने, ३२ बिटचे. ६४ बिटची सोय टोटल कमांडरमध्ये २०१२ च्या आठव्या आवृत्तीपासून आहे, पण तोवर लिहिलेली प्लगइन तशीच राहिली. ज्याने लिहिले त्याने पुन्हा बांधून दिले तरच चालायचे. शेवटी ३२ बिटचा प्रोग्रामही शेजारी बसवला. दोन्ही एका संगणकावर सुखाने नांदतात.

मग डाव्या खिडकीत फाइलींची नावे, कंट्रोल आणि क्यू दाबले की उजव्या खिडकीत आतला मजकूर. खालचा बाण दाबत जायचे. एक फाइल, दुसरी, तिसरी. एकात वर्गणीदार, एकात गणपतीचा हिशेब, एकात कोणाच्या तरी लग्नाची निमंत्रण-यादी. आणि एकदम तक्ता समोर आला: नाव, शाळा, इयत्ता, 'मराठी हवी: होय'. आज चाळिशीकडे आलेली माणसे त्या तक्त्यात तिसरी-चौथीत आहेत. त्यातली काही आज इथे बसली आहेत, आणि त्यांची मुले आता त्याच वयाची आहेत. सगळे बघायला दीड तास लागला. पाच रात्री जागलो त्याचा राग दीड तासात आला.

यादीची छापील प्रत जोडून अर्ज पुन्हा दिला आहे. पोच मिळाली आहे, निकाल यायचा आहे. हातची मुदत गेली ती गेलीच.

आता चौथ्या तऱ्हेबद्दल. मंडळाच्या फाइलींची एक प्रत बाहेर असावी, संगणक बिघडला तर सर्व जाऊ नये, असे आपण ठरवले होते. आपल्यातल्या एका तरुणाने उत्साहाने फाइल-सिस्टिम प्लगइन बसवले आणि इंटरनेटवरची जागा उजव्या खिडकीत आणून दिली. मंडळाचे स्वतःचे खाते नव्हते, म्हणून त्याने आपले जोडले. हेतू वाईट नव्हता, हे आम्ही आजही म्हणतो. पण गंमत अशी की उजवी खिडकी डावीसारखीच दिसते. तेच फोल्डर, तीच नावे. हेच या प्लगइनचे कौतुक आणि हाच त्याचा धोका. डावीकडे एफ-८ दाबून पुसले तर फाइल विंडोजच्या कचरापेटीत जाते, परत आणता येते. त्या बाहेरच्या जागेत पुसले ते आपल्या कचरापेटीत येत नाही. जागा कमी पडली म्हणून आमच्यातल्याच एकाने 'प्रत आहे' असे समजून एक फोल्डर पुसला. ती प्रत नव्हती. डावीकडचा मूळ फोल्डर आधीच तिकडे हलवला गेला होता. एका वर्षाची इतिवृत्ते गेली. एका काकांनी सवयीने पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली होती, म्हणून वाचली. काका, तुमच्या त्या सवयीला आम्ही हसत होतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. त्या बाहेरच्या जागेत सदस्यांची यादीही गेली होती: नावे, पत्ते, फोन. ज्याच्या खात्यात गेली तो मुलगा त्या निवडणुकीत एका पक्षाचे काम करीत होता. त्याने यादी कोणाला दिली असे आम्ही म्हणत नाही; आमच्याकडे पुरावा नाही आणि तो नाही म्हणतो. पण त्या महिन्यात आपल्यापैकी कित्येकांना नावानिशी, मराठीतून प्रचाराचे संदेश आले, हे सगळ्यांना आठवत असेल. इतके शुद्ध मराठी संदेश कुकटपल्लीत याआधी कोणी पाठवले नव्हते.

यावर मंडळात दोन मते आहेत. काही ज्येष्ठांचे म्हणणे, यादी द्यावी, लपवायचे काय? मते आहेत हे कळल्याशिवाय कोणी दारात येत नाही. यात तथ्य आहे. २००८ च्या पुनर्रचनेत खैरताबादचा तो अवाढव्य मतदारसंघ फोडून कुकटपल्ली वेगळा झाला, २००९ ला इथे पहिली निवडणूक झाली. पण आपली घरे विखुरलेली आहेत, एका बूथवर दहा, दुसऱ्यावर चार. आपण मोजल्याशिवाय आपण कोणाला दिसत नाही. आमचे मत असे की संख्या द्यावी, नावे देऊ नयेत. अमुक भागात मराठी मते इतकी, आमची मागणी ही, एवढे सर्व पक्षांना सारखेच सांगावे. नाव आणि फोन ज्याचा त्याने द्यावा. ती माहिती सदस्याने गणपतीच्या वर्गणीसाठी दिली होती, प्रचारासाठी नव्हे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला आहे. त्याचा अर्थ वकील मंडळींनी सांगावा. आम्हाला साधी लाज पुरेशी वाटते.

संख्या मोजायची तर मतदारयादी हवी. तिथेही आम्ही तोंडघशी पडलो, तेही सांगून टाकतो. बूथवार याद्या पीडीएफमध्ये मिळतात. आम्ही एक्सपीडीएफसर्च नावाचे प्लगइन बसवले. ऑल्ट आणि एफ-७ दाबून शोध उघडायचा, प्लगइन्स या पानावर जाऊन 'मजकुरात हे आडनाव असलेल्या फाइली दाखव' म्हणायचे. आपल्या वार्षिक अहवालांवर ते झकास चालले. त्याच भरात मतदारयादीवर चालवले, तर उत्तर शून्य. दोन घरी आम्ही फोन करून सांगितले की तुमची नावे उडाली. त्या घरांत काय झाले असेल ते विचारू नका. आजोबा काठी घेऊन निवडणूक कार्यालयात गेले. तिथे यादी डोळ्यांनी वाचली तेव्हा चौघांचीही नावे होती.

कारण असे की त्या पीडीएफमध्ये अक्षरे नसतात, पानाचे चित्र असते. चित्रात प्लगइनला शोधायला काही नाही. शोधता येईल अशी मजकुराची यादी मिळावी म्हणून कमलनाथ सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २०१८ मध्ये ती मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. यादीचा गैरवापर होईल, ही भीती तिथेही होतीच. आपण आत्ता आपल्या यादीबद्दल बोललो त्याहून ती फार वेगळी नाही. तेव्हा चित्राच्या पीडीएफवर 'सापडले नाही' याचा अर्थ 'नाही' असा घेऊ नये. आता आम्ही आधी फाइलीतला एखादा शब्द निवडून कॉपी होतो का ते बघतो. होत नसेल तर ती पाने आम्ही तिघे वाटून घेतो आणि डोळ्यांनी वाचतो. आपली नावे लिप्यंतरात कशी बदलतात, तेही वाचताना लागते. काळेंचे काले होतात, आठवले घरातल्या दोघांचे स्पेलिंग दोन तऱ्हेचे असते. अशी चूक दिसली तर फॉर्म ८ भरायचा. एकेक नाव निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येते. ते प्रत्येकाने आपापले बघावे, आमच्या भरवशावर राहू नये. आमचा भरवसा काय आहे ते आत्ताच सांगितले.

फाँटचा प्रश्न राहिला. १९९० नंतरची आपली इतिवृत्ते त्या काळच्या फाँटांत टाइप झाली आहेत. फाँट नसेल तर कागदावर मुंग्या पळाल्यासारखे दिसते आणि कोणत्याही प्लगइनने शोधून 'मराठी' हा शब्द सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच आहेत. ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतील, आणि बदलल्यावर माणसाने वाचून तपासावी लागतील. जोडाक्षरे हमखास बिघडतात. फाइलींची नावे मात्र आता देवनागरीत ठेवता येतात. टोटल कमांडरमध्ये ही सोय २००९ च्या ७.५ आवृत्तीत आली. तरी त्याआधीची काही प्लगइन देवनागरी नावापुढे अडखळतात. म्हणून सध्या वर्ष आकड्यात आणि नाव रोमन अक्षरांत ठेवले आहे. कंट्रोल-एमने शेकडो नावे एका झटक्यात बदलता येतात. आधी उजव्या रकान्यात नवे नाव दिसते, ते वाचूनच पुढे जायचे.

पहिल्या प्रश्नाचे, कोणाला विचारून, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर: कोणालाही नाही. चुकलेच. प्लगइन हा प्रोग्रामच्या आत बसतो आणि त्या संगणकावर बसलेल्या माणसाला जे जे करता येते ते ते त्यालाही करता येते: वाचणे, पुसणे, बाहेर पाठवणे. बाहेरच्या माणसाला दप्तराच्या कपाटाची किल्ली द्यावी तसेच हे आहे. बँकेत आमच्या काउंटरवरच्या संगणकात पेन ड्राइव्हसुद्धा घालू देत नाहीत. तिथे आम्ही तो नियम मुकाट पाळतो आणि इथे मात्र दुसऱ्याने दिलेला साठ प्लगइनांचा गठ्ठा बसवून मोकळे झालो होतो. त्यातली छप्पन्न काढून टाकली. उरलेल्या चारांची नावे, कुठून घेतली, कशासाठी लागतात आणि कोणी बसवली, हे एका साध्या वहीत लिहिले आहे. वही कार्यालयात टेबलावर आहे, कोणीही बघावी. पाचवे बसवायचे झाले तर आधी कार्यकारिणीत विचारू. बाहेरची जागा जोडणारे प्लगइन काढले आहे. प्रत ठेवण्यासाठी दोन हार्ड डिस्क घेतल्या, एक कार्यालयात आणि एक अध्यक्षांच्या घरी, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अदलाबदल. सदस्य-यादी वेगळ्या, कुलूपबंद झिपमध्ये आहे आणि तिचा पासवर्ड दोघांनाच ठाऊक आहे. ते दोघे कोण, हे सभेने आज ठरवावे. सध्या आमच्यातलेच दोघे आहेत, ते योग्य नाही.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता कार्यालय उघडे ठेवतो. ज्यांना हे बघायचे असेल त्यांनी यावे, पुढच्या वर्षी हे काम करायला दोन तरुण हवे आहेत. मेट्रो स्थानकापासून चालत यायला अंतर जास्त नाही. आणि कोणाच्या घरी मंडळाच्या जुन्या वर्गांच्या फ्लॉपी, सीडी किंवा छापील हजेरीपट असतील तर घेऊन यावे. १९९७ आणि २००१ या दोन वर्षांच्या याद्या अजून मिळालेल्या नाहीत. जुन्या बाजारातून एक फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला आहे. तो चालतो की नाही ते फ्लॉपी आल्यावर कळेल.